प्लास्टरमागची माती

कपाट सरकवलं, तर मागची भिंत कंबरेपर्यंत काळी. बुरशीच ती. भाडेकरू शबानाची सहा वर्षांची मुन्नी उंबऱ्यावर बसून खोकत होती. डॉक्टरनं सांगितलंच होतं, या खोलीत लेकराचा दमा बरा व्हायचा नाही.

इथं चामोर्शीतच मी मिस्त्रीकाम केलं. आधी रेजा, म्हणजे डोक्यावर घमेली वाहणारी. मग पाहून पाहून थापी हातात घेतली. म्हणून घरमालक वामनभाऊंनी मलाच बोलावलं, दोष कोणाचा ते सांगायला.

“हे लोक ओले कपडे घरातच वाळवतात. खिडकी उघडत नाईत. मी काऊन दुरुस्ती करू?”

“पोरगी खोकून राह्यली भाऊ, खिडकी बंद कशी ठेवीन?” शबाना म्हणाली. “किती दिवसांपासून सांगून राह्यली तुम्हाले!”

“भांडू नका. पन्नी आणा,” मी म्हटलं.

साधी तपासणी आहे. भिंतीवर प्लास्टिकची पन्नी चारही बाजूंनी चिकटवायची. दुसऱ्या दिवशी पाणी बाहेरून दिसलं, तर ओल खोलीतली. आतून दिसलं, तर भिंतीतली.

दुसऱ्या दिवशी पन्नी आतून ओली होती.

मग मी खिळा मारला. प्लास्टरचा पोपडाच खाली आला. मागं ओली माती. हे काम माझंच होतं ना!

नोकरीवाले भाडेकरू मातीचं घर घेत नाहीत, म्हणून काही वर्षांपूर्वी भाऊंनी मला मातीवर सिमेंट चढवायला लावलं होतं. वरून ऑइल पेंट. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि हवेत सोडते. आम्ही तिचं नाकतोंडच बंद केलं. तेव्हा मला एवढी समज नव्हती, पण हात तर माझाच.

“भाऊ, शबानाचा दोष नाई. भिंत तुमची, चूक माझी. प्लास्टर खरवडून चुना-माती लावून देते. मजुरी नको मले.”

“पुन्हा मातीचं घर? मग भाड्यानं कोण घेईन? सिमेंट चढवलं तवा तूच म्हणत होतीस सुमनबाई, आता या भिंतीकडं पाहाच लागत नाई म्हणून.”



भाऊंनी शबानालाच घर सोडायला सांगितलं. गावात दुसरी खोली मिळेना. शेवटी मुन्नीला घेऊन ती कुरखेड्याला माहेरी गेली. नवरा इथंच राहिला, काम करतो त्या दुकानातल्या बाकावर झोपतो. पोरीची शाळा तुटली.

भाऊंनी दुसऱ्या मिस्त्रीकडून पोपडा बुजवला, नवा रंग मारला. आता तिथं तान्हं बाळ घेऊन एक बाई राहायला आली आहे. मी जाऊन तिला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, “आधीचे लोक लई घाण ठेवत होते म्हणे, मावशी.”

भिंतीतली ओल घरमालकानं काढायची, भाडेकरूनं वेळेवर सांगायचं, एवढा साधा हिशेब आहे. पण तो कोणी मागत नाही. तुम्ही घर पाहायला जाल तेव्हा रंग पाहू नका. खिळा घेऊन जा.