दहावी पास अंगठा

"कुबडी बाहेर ठेव अन् सरकत ये," वकील म्हणाला.

मले वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी दारातच उभी. लहानपणी पोलिओनं उजवा पाय गेला, तवापासून कुबडीवर चालते. सालेकस्याहून माय अन् मी सकाळच्या गाडीनं गोंदियाले आलो होतो. सरकारच्या निराधार योजनेच्या पगाराचा माझा अर्ज दोनदा परत आला होता. लोक म्हणत, हा वकील कागद असा बनवते का कोणी नाही म्हणतच नाही. मायचे गुडघे धरले होते, धानाच्या रोवण्याले जाणं बंद झालं होतं. घर आता एकट्या माझ्यावर. तो पगार मले पायजेच होता.

"देखो बाई, पगार मंजूर करणाऱ्या कमेटीसमोर असंच यायचं. आत्ता करून दाखव."

माय हळूच म्हणाली, "कर ना वं बाई. साहेब म्हणून राहिले तं."

अन् मी केलं. आजही सांगताना अंगाची आग होते. कुबडी भिंतीले टेकवली, खाली बसली, अन् त्या गुळगुळीत फरशीवर बुड घासत टेबलापर्यंत गेली. बाकावर चार-पाच जण होते. एकानं मोबाइलमधून मान वर काढली, पाहिलं, परत खाली घातली. वकील खुर्चीत रेलून पाहून राहिला होता, मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम पाहावी तसा.

"तोंड पाड. तू तं डोळ्याला डोळा देतेस. दया कशी येईल?"

मग त्यानं शाईचा डबा उघडला. विचारलं नाही, काही नाही. माझा अंगठा धरला अन् शाईत दाबला.

"मले सही येते. दहावी पास आहो मी."

"असशील. सही केली का शिकलेली दिसशील. अंगठाच बरा."

कागद त्यानं माझ्यापुढं सरकवला. हिले वाचता येते, हे ऐकूनही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. मी वाचलं. 'सदर महिला निरक्षर असून भिक्षा मागून उदरनिर्वाह करते.'

भिक्षा! अरे बाप्पा! उन्हाळ्यात दिवसभर तेंदूपत्त्याचे पुडे बांधते मी. एका पायानं मशीन मारून गावभरच्या बायांचे ब्लाउज शिवते. कोणाच्या दारात गेली मी भीक मागाले? वरून निराधार. मायले आधार कोणाचा आहे मग?

"हे खोटं आहे," मी म्हटलं.

"खरं-खोटं कायले पाहतेस? काम करते लिहिलं तं पगार भेटत नाही. समझी?"

"बाई," माय म्हणाली, "घरी काय खावाचं?"

तिचंही खरं होतं. तेच जास्त लागलं. अंगठा कागदावर नेला मी, खोटं कायले बोलू. टेकवणारच होती. तेवढ्यात मायचा हात गुडघ्यावर गेला, दुखला का जाते तसा. हेच गुडघे. मले पाठीवर घेऊन नाला ओलांडून माय रोज शाळेत पोचवत होती, दहावीची परीक्षा होईपर्यंत. अन् मी तिच्यासमोर निरक्षर म्हणून अंगठा लावू?

अंगठा त्याच ओळीवर घासला. भिक्षा काळी झाली.

वकील ओरडला, "पागल है क्या?" मी त्याचाच टेबल धरून उभी राहिली. माय लंगडत गेली, माझी कुबडी आणून दिली.

घरी येऊन मीच अर्ज लिहिला. पाय चालत नाही, हात चालतात, काम करते, पुरत नाही. खाली सही. महिन्यानं परत आला. 'अर्जदार काम करते, सबब नामंजूर.' वकील बोलला तसंच झालं. त्या दिवशी लय रडली मी, रागानं मशीनलेही लाथ मारली.

मग अपील लिहिलं. सोमवारी सुनावणीले बोलावलं आहे. माय म्हणते, थोडं तं वाकून बोल. नाही वाकत. कुबडीवर उभी राहीन, डोळ्याला डोळा देईन अन् विचारीन, काम केलं म्हणून गेलेला पाय परत येते का? अन् परत नाही म्हटलं तं परत लिहीन. कोणी शाईचा डबा पुढं केला, तं मी माझा पेन काढीन.