तळहातावरचं वर्ष

बाई स्वतःच्या बोटांवर कधी मोजत नसत. समोरच्याचा हात ओढून घेत, उताणा करत आणि करंगळीच्या बुडापासून एकेका पेरावर अंगठा टेकवत वर चढत. "चार बोटं, प्रत्येकाला तीन पेरं. झाल्या बारा इयत्ता. हात घडवताना देवानं बोर्डाला विचारलं होतं," असं म्हणत.

एकदा मी विचारलं, "आणि अंगठा हो, बाई?"

"तो माझ्या आईचा. तिची सही तीच होती."

आमची पाखाडी तुम्ही पाहिली नसेल, पण रत्नागिरीत अशा पुष्कळ आहेत. जांभ्या दगडाच्या पायऱ्या, खालच्या रस्त्यापासून टेकाडावरच्या घरांपर्यंत. मधल्या वळणावर माझं घर, अगदी वर बाईंचं. बाई गणिताच्या शिक्षिका. यजमानांच्या नोकरीपायी मस्कतला गेल्या, तिथल्या शाळेत बरीच वर्षं शिकवलं आणि ते गेल्यावर परत आल्या. तेव्हापासून परदेशात शिकलेल्या मुलांचे आईबाप फायली घेऊन पाखाडी चढू लागले. प्रश्न सगळ्यांचा एकच: तिकडचं हे शिक्षण आपल्याकडे कितवीच्या बरोबरीचं?

मी ग्रंथालयातून निवृत्त झालेला माणूस. दुपारी पुस्तक घेऊन ओट्यावर बसतो. वर जाणारे धापा टाकत, माझ्याकडे बघतही नसत. उतरणारे मात्र थांबत, पाणी मागत आणि उगाचच हसत. त्या हसण्यावरून मला कळे, की पेर सापडलं.

एकदा गणपतीपुळ्याकडचे एक गृहस्थ आले. मुलीला जहाजावरच्या मुलाचं स्थळ आलेलं. मुलगा चांगला, घर चांगलं. पण मध्यस्थानं सांगितलं, मुलगा 'क्लास फोर' आहे. "म्हणजे शिपाईच ना हो, बाई?" गृहस्थ रडवेले झाले होते. बाई इतक्या हसल्या की मला खाली ऐकू आलं. "अहो, जहाजावरची मोजणी उलटी. चारपासून सुरू करून एकावर जायचं. इंजिनीअर आहे तो. करून टाका लग्न." लग्नाचे लाडू मलाही मिळाले. पाणी दिल्याबद्दल असावेत.

बाईंना सगळं येत होतं असं मात्र नाही. कुणीतरी अमेरिकेतल्या शाळेचा, विषय आणि आकडे भरलेला कागद आणला, तो त्यांनी चष्मा लावून, काढून, परत लावून पाहिला. "हे किराण्याचं बिल आहे," म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही. मुंबईला जाणत्याला विचारा." आणि त्या माणसाला प्रवासाला म्हणून पोह्यांचा डबा दिला.

माझी बहीण पालीला दिलेली. तिचे यजमान, आमचे भावोजी, मस्कतला नोकरीला होते. नोकरी सुटली आणि बिऱ्हाड परत आलं. भाची सानिका तिकडच्या इंग्रजी पद्धतीच्या शाळेत 'इयर इलेव्हन'ची परीक्षा उत्तीर्ण झालेली. भावोजींनी आल्या आल्या पालीच्या बाजारातून पेढे आणले आणि मुलगी अकरावी पास झाली म्हणून गावभर वाटले. मग तिला घेऊन रत्नागिरीच्या एका कॉलेजात गेले आणि बारावीत प्रवेश मागितला.

खिडकीतला माणूस म्हणाला, "यांची दहावी कुठाय?"

दहावी असं लिहिलेला कागदच नव्हता. भावोजींचा आवाज चढला, खिडकीतल्याचाही चढला. शेवटी तो म्हणाला, "मग बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरा आणि बसवा दहावीला."

संध्याकाळी तिघं माझ्याकडे आली. भावोजी बोलत होते, बहीण पदरानं डोळे पुसत होती आणि सानिका भिंतीकडे बघत होती. तिनं मला एकच विचारलं, "मामा, माझ्याहून लहान मुलांबरोबर बसायचं मी?" मग जेवायला म्हणून उठली नाही, बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा मी तिघांना वर घेऊन गेलो.

बाई पडवीत कुळीथ निवडत होत्या. भावोजींनी सगळं सांगितलं, खिडकीतल्या माणसाच्या सात पिढ्यांसकट.

"जावईबापू," बाई म्हणाल्या, "त्याचं निम्मं चुकलं, तुमचं निम्मं. दोघांची मिळून पोरीला शिक्षा. हात आण गो इकडे."

सानिकानं हात पुढे केला. बाईंनी तो उताणा केला, पण या वेळी करंगळीला शिवल्या नाहीत. अंगठा तळहाताच्या मधोमध ठेवला.

"तुझं पहिलं वर्ष, इयर वन, तेव्हा किती वर्षांची होतीस?"

"पाचची."

"पाचव्या वर्षी आपल्याकडे पोरं काय करतात? मोठ्या शिशूत गाणी म्हणतात. म्हणून ते वर्ष पेरावर नाही मोजायचं. ते इथं, तळहातावर. आता चल."

अंगठा करंगळीवर गेला. इयर टू, आपली पहिली. इयर थ्री, आपली दुसरी. सानिका हळूहळू बरोबर मोजू लागली. दोन दिवसांनी तिचा आवाज ऐकत होतो. तर्जनीच्या बुडाशी येऊन दोघी थांबल्या.

"इयर इलेव्हन," सानिका म्हणाली.

"दहावी," बाई म्हणाल्या. "झालेली. परत कशास बसायचं? दिल्लीहून समकक्षतेचं प्रमाणपत्र मागवा, म्हणजे खिडकीतल्यालाही पटेल. हिची जागा अकरावीत."

"म्हणजे एक वर्ष गेलंच की, बाई!" भावोजी म्हणाले.

"गेलं नाही. ते नव्हतंच. तुम्ही पेढे मात्र एक वर्ष आधी वाटलेत."

आधी सानिका हसली, मग बहीण, आणि सगळ्यात शेवटी भावोजी. उतरताना सानिका दोन-दोन पायऱ्या टाकत गेली. त्या दिवशी पाणी मीच मागून प्यालो.

प्रमाणपत्र आलं, शेवटच्या फेरीत प्रवेशही मिळाला. मी सांगायला वर गेलो तेव्हा बाईंनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्या परत आल्या तेव्हा इथं कुणाला मोजता आलं नाही, म्हणून त्यांच्या मुलाला झालेली इयत्ता पुन्हा करावी लागली होती. "तो विसरलाय हो. मी नाही विसरले," एवढंच म्हणाल्या आणि कुळथाचं पिठलं वाढलं.

सानिका बारावी झाली तेव्हा बाई अंथरुणाला खिळल्या होत्या. तिनं आपणहून हात पुढे केला. बाईंनी पडल्या पडल्या मोजलं, एकही पेर गाळलं नाही. तर्जनीच्या टोकाला पोचल्यावर त्यांनी तिची मूठ मिटली. "माझी पेरं संपली. पुढचं तुझं तू मोज."

महिनाभरात बाई गेल्या. वरचं घर बंद आहे. मुलगा येऊन सगळं नीट करून गेला. मला दुःख आहे, पण ते फार बोचत नाही. ज्यांनी इतक्यांना हलकं करून खाली पाठवलं, त्यांच्या आठवणीनं जड होणं जमत नाही.

परवा दुपारी एक बाप्या फाईल काखेत धरून पाखाडी चढत आला. मागे त्याची मुलगी, मान खाली. "बाई वरच राहतात ना?"

बाई गेल्याचं मी सांगितलं. तो तिथंच पायरीवर बसला. म्हणाला, "दोहाहून आलोत. पोरगी तिकडं इयर इलेव्हन झाली, तर इथं कोण दहावी म्हणतं, कोण अकरावी. आता कुणाला विचारायचं?"

मी पुस्तक खाली ठेवलं. मला गणित येत नाही, आणि परक्या माणसाशी बोलायलाही वेळ लागतो.

"हात आण गो," मी त्या मुलीला म्हटलं, आणि तळहातापासून सुरुवात केली.