टिटवीचा खुटबावी रस्सा

आजीची फेसबुकवर जितकी विटंबना चालली आहे तितकी दुसऱ्या कुठल्या नात्याची चालली नसेल. ज्याला स्वतःचा चहा गाळता येत नाही तोसुद्धा "आमच्या आजीची पद्धत" म्हणून मटणात काहीही ओतून मोकळा होतो. आजी बिचारी केव्हाच वर गेलेली. ती काय खाली येऊन सांगणार, की बाबा रे, असलं मी कधी केलं नाही?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या खवय्यांचा एक ग्रुप आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर भाचीने मला त्यात घातलं. बत्तीस वर्षं पोरांना पाढे शिकवलेली बाई गप्प बसून दुसऱ्यांच्या चुका वाचू शकत नाही, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. तिथेच मला खुटबावचे ते गृहस्थ भेटले. शेती बऱ्यापैकी, हौस त्याहून जास्त, आणि स्वतःचं च्यानल. एरवी जीन्स घालून मोटरसायकलवर फिरणारे हे गृहस्थ कॅमेऱ्यासमोर आले की धोतर नेसून आणि फेटा बांधून चुलीपुढे बसायचे. मी काही लिहिलं की खाली त्यांची ओळ ठरलेली: "ताई, हे शहरी झालं. असली चव आमच्या आजीच्या हातची." शिरूरला शहर म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

इथवर मी सोसलं. पण गेल्या जानेवारीत त्यांनी माझ्या आईची कोंबडी चोरली. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लिंबाच्या जुन्या लोणच्याच्या खारात आणि तिळाच्या कुटात कोंबडी शिजायची. चर्चमागच्या आमच्या आळीत ती आईच्या नावाने ओळखली जाई. मी ती डिसेंबरात ग्रुपवर लिहिली. महिन्याभरात तीच कोंबडी, तेवढाच खार, तेवढाच कूट, खुटबावच्या चुलीवर "श्रावण सुटल्यावरचा आमच्या आजीचा रस्सा" म्हणून अवतरली. माझ्या आईला श्रावण कधी लागला नाही, मग सुटणार कुठून! मी तसं लिहिलं. त्यांनी उत्तरात हात जोडलेली दोन चित्रं टाकली आणि खाली लिहिलं, "आजी सगळ्यांची सारखीच असते ताई."

माझं डोकं फिरलं. मी ठरवलं, यांना आता अशी रेसिपी द्यायची की जी यांच्या आजीलाही झेपणार नाही.

मी लिहिलं, टिटवीचा रस्सा, अस्सल खुटबावी पद्धत. आमच्या भागात टिटवी खाणं सोडाच, ती घरावरून ओरडत गेली तरी म्हाताऱ्या माणसांच्या तोंडचं पाणी पळतं. शिवाय ती पाय वर करून झोपते, आभाळ कोसळलंच तर पेलायला, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून मी पहिलीच सूचना दिली: "टिटवी उचलण्याआधी आभाळाला बाभळीचे दोन भक्कम टेकू द्यावेत. न दिल्यास होणाऱ्या नुकसानीस लेखिका जबाबदार नाही." पुढे लिहिलं, की रस्सा फेटा बांधूनच ढवळावा, नाहीतर आजीची चव उतरत नाही. शिजायला सात अमावास्या लागतात. तोवर घरातल्यांनी पिठलं खावं. आणि पाहुण्याला वाढताना ताटाखाली आजीचा फोटो ठेवावा. आजी कुणाचीही चालेल.

एक चूक मात्र मी केली, आणि ती केवळ फुशारकीपोटी. मधला मसाला मी खरा लिहिला. खोबरं किती भाजायचं, दगडफूल कधी घालायचं, तेल सुटल्याचं कसं ओळखायचं. थट्टेतसुद्धा मला वाईट मसाला लिहिता येईना. लोकांनी बाकीचं थट्टेवारी न्यावं, पण मसाला वाचून बाईंना मानावं, असं मला कुठेतरी वाटत होतं.

ग्रुप खो खो हसला. मी चार दिवस तोऱ्यात फिरले. मला वाटलं, गृहस्थांची जिरली.

दहाव्या दिवशी त्यांचा व्हिडिओ आला. धोतर, फेटा, चूल सगळं होतं. "रानातल्या टिटवीचा विसरलेला रस्सा, आमच्या आजीच्या आठवणीतला." आभाळाचे टेकू गेले, अमावास्या गेल्या, माझा मसाला तेवढा राहिला. पातेल्यात सोललेले चार चिमुकले पक्षी होते. ते कसले, हे मला पाहताक्षणी कळलं. पोल्ट्रीत वाढवतात ते बटेर, मुठीएवढे. टिटवीच्या लांब तंगड्या कुठे आणि हे गोळे कुठे! पण सोललेला पक्षी ओळखणारं माणूस विरळा. गृहस्थांना तेवढ्यानेही भागलं नाही. व्हिडिओ खरा वाटावा म्हणून त्यांनी पत्ताही दिला: "शिरूरच्या आठवडे बाजारात लिंबाखाली एक पारधी बाई बसते, तिनं खास रानातून आणून दिल्या."

लिंबाखालची ती बाई मला वीस वर्षांपासून माहीत आहे. तिची मुलगी चौथीत माझ्या वर्गात होती. गावठी कोंबड्या, अंडी, आणि अलीकडे एका पिंजऱ्यात हे बटेर. ती ते पोल्ट्रीवाल्याकडून आणते. तिच्याआधी त्याच लिंबाखाली तिची सासू बसायची. ती जागा मिळवायला सासूने किती शिव्या खाल्ल्या, आणि आता ती आपली आहे, हे ती मला अंडी देताना कितीदा तरी सांगायची.

व्हिडिओ कुठल्या कुठे गेला. सणसवाडीच्या कंपन्यांत कामाला आलेल्या, टिटवी कधी न ऐकलेल्या परप्रांतीय पोरांनी खाली विचारलं, भैया, ये चिडिया किधर मिलेगी. पुण्याच्या पक्षिप्रेमींनी ग्रुपवर येऊन शिव्या घातल्या. शिव्या कुणाला? फेटेवाल्याला थोड्या, "त्या शिकारी बाईला" भरपूर. मी दोनदा लिहिलं की मूळ रेसिपी ही थट्टा होती आणि ते पक्षी पोल्ट्रीतले आहेत. पहिल्यांदा हसरे चेहरे आले. दुसऱ्यांदा ग्रुप चालवणाऱ्याने मला कळवलं, बाई, इथे वाद नको, फक्त खाण्याचं बोला.

पुढच्या बाजारी मी अंडी आणायला गेले तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. शेजारच्या मिरचीवाल्याने सांगितलं. सकाळी तिघं तरुण आले होते, गळ्यात दुर्बिणी, एकाचा मोबाइल चालू. त्यांनी तिला एक प्रश्न विचारला नाही. पिंजरा उघडला आणि "जा रे, मोकळे झालात" म्हणत बटेर बाहेर काढले. पोल्ट्रीत जन्मलेल्या त्या जिवांना उडणं कुठे ठाऊक! ते मेथीच्या जुड्यांमधून तुरूतुरू पळाले आणि मटणाच्या गाळ्यांकडची कुत्री त्यांच्यावर तुटून पडली. पक्षी वाचवायला आलेल्या त्या वीरांनी कुत्र्यांचा भाग काही चित्रित केला नाही. गडबडीत अंड्यांची पाटी लाथेने उलटली, तेही नाही. बघ्यांच्या टाळ्या तेवढ्या वाजल्या.

एवढं सांगून मिरचीवाला म्हणाला, आता आम्हीच तिला म्हटलं, तू जरा पलीकडं बस, तुझ्यापायी आमच्या धंद्याला खोट येतीय. पलीकडं म्हणजे मुतारीच्या भिंतीला लागून. मी तिकडे गेले. ती अंड्यांतली न फुटलेली वेचून पदराने पुसत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

मला आजही संताप येतो तो या गोष्टीचा. रेसिपी लिहिली मी. माझ्या नावानिशी, माझ्या फोटोसकट. व्हिडिओ केला त्या गृहस्थांनी, तोंड दाखवून. माझ्या दाराशी कुणी आलं नाही. खुटबावला कुणी गेलं नाही. जिने ना लिहिलं ना शिजवलं, तिची पाटी उलटली. पेन्शनवाल्या बाईंचा विनोद असतो, बागायतदाराची परंपरा असते, आणि पारध्याच्या बाईची मात्र शिकार असते.

घरी येऊन मी गृहस्थांना फोन लावला. आवाज चढवायचा नाही असं ठरवलं होतं, तो पहिल्याच वाक्याला चढला. ते थंड होते. म्हणाले, "ताई, टिटवी कोण खातंय? बटेरच हायेत ते. तिच्याकडनंच नेले व्हते." मग तसं कॅमेऱ्यापुढे सांगा, मी म्हटलं. "तसं सांगितलं तर च्यानलची काय इज्जत ऱ्हाईल? आन् ल्हिलं तुम्ही, म्या फक्त करून दाखिवलं."

शेवटचं वाक्य माझ्या जिव्हारी लागलं, कारण ते खोटं नव्हतं. दोन दिवसांनी त्यांनी व्हिडिओ काढून टाकला आणि दुसरा टाकला, वांग्याच्या भरताचा. वांग्याला कुणी वाचवायला येत नाही.

मी लिंबाखालच्या बाईच्या वस्तीवर गेले. गावाबाहेर, नदीच्या अंगाला. मुलगी घरी होती. ती आता सणसवाडीला एका कंपनीत पॅकिंगला जाते. तिने मला स्टूल दिलं आणि आईकडे पाहत उभी राहिली. मी सांगायला लागले की तो मजकूर माझा होता. तिच्या आईने मला पुरतं बोलू दिलं नाही.

"ठावं हाय. पोरीनं वाचून दाखिवलं. आभाळाला टेकूचं आइकून म्या बी हसले व्हते बाई, तवा."

मी म्हटलं, आपण पोलिसांत तक्रार देऊ. मी साक्ष देईन, पोल्ट्रीवाल्याकडून पावती घेऊ. ती नको म्हणाली. तिथं गेलं की पहिलं आमचंच नाव-गाव लिहून घेतात, पारधी म्हणजे चोरच असं धरून मागचं-पुढचं काढतात, ते नको. तिला एवढंच हवं होतं की तिची लिंबाखालची जागा तिला परत मिळावी.

मग मी ठरवलं ते माझ्या मास्तरकीला शोभेलसं होतं. पुढच्या बाजारी तिच्या आधी जाऊन लिंबाखाली गोणपाट टाकून बसले. मिरचीवाला काही बोलायला तोंड उघडतोय तोच मी त्याला त्याच्या धाकट्या भावाच्या शाळेतल्या हजेरीची आठवण करून दिली. तो मिरच्या निवडू लागला. ती पाटी घेऊन आली, क्षणभर थबकली, आणि शेजारी बसली. लोक येऊ लागले. अर्धं गाव माझ्या हाताखालून गेलेलं. बाई, तुम्ही इथं? बाई, कोंबडी घरची हाय का? बाई, अंडी ताजी हायेत ना? मी ठणकावून हो म्हणत होते. मागच्या आठवड्यात टाळ्या वाजवणाऱ्यांतलेही दोघे-तिघे कोंबडी घेऊन गेले. ऊन चढायच्या आत पाटी रिकामी झाली आणि मी स्वतःवर फार खूश होते.

तिने रिकामी पाटी पालथी घातली. चुंबळ झटकली.

"माल खपला बाई. पन आज एकानंबी मला इचारलं न्हाई. कोंबडी माझी, आन् समदी तुमास्नीच इचारत व्हती."

मी म्हटलं, अगं, हळूहळू विचारतील. मी येईन की आणखी दोन-तीन बाजार.

"नगा येऊ," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुमी हायसा म्हणून घेतलं त्यांनी. म्या चोर न्हाई, असं आजबी कुणी म्हनलं न्हाई."

गोणपाट माझं होतं. ते तिने घडी घालून माझ्या हातात दिलं.