मामाच्या ओळीतल्या खुणा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आणि मामाला... मामाला सांगायची गरज तरी आहे का, तेच मला कळत नाही.

भूकंपात किल्लारीचं आमचं घर गेलं, तेव्हा मामानं मला लातूरला आणलं. तो एका डाळमिलमध्ये कामाला होता. आमच्या गल्लीतली पोरं डॉक्टर व्हायच्या क्लासला पळायची. मी मानसशास्त्र घेतलं. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. “म्हंजी तू मनातलं वळखणार का गं?” मामा हसायचा. “मंग सांग की, मामी आज कामून फुगलीय?”

शेवटच्या वर्षी प्रकल्प होता – कामाच्या जागी माणसं जपून कशी वागतील? मी मामाचीच मिल निवडली. मशीनच्या फिरत्या पट्ट्यात तूर अडकली की मशीन बंद करूनच हात घालायचा, असा नियम होता. पण थांबायला वेळ कुणाला? सगळे चालू पट्ट्यातच हात घालायचे. मी दुपारी स्टुलावर बसून बघायचे. कुणी मशीन बंद केलं की त्याच्या नावापुढं बरोबरची खूण, आणि लगेच शाबासकी. नाही केलं तर फुली, आणि शांतपणे दोन शब्द. तक्ता भिंतीवर, सगळ्यांसमोर. आठवड्याभरात माणसं खरंच बदलायला लागली.

मामाही बंद करायचा. मग एका दुपारी त्यानं चालू पट्ट्यात हात घातला – आणि माझ्याकडं बघितलं.

मामा शाळेत गेला नव्हता. पण बरोबरची खूण ओळखायचा, माझ्या वह्या बघून. सुटी झाली की तक्त्यापुढं उभा राहून आपल्या ओळीवरून बोट फिरवायचा. त्या ओळीत मी फुली मारू? ज्यानं मला वाढवलं त्याला चारचौघांत ‘चुकलं’ म्हणू? त्याला मी माया म्हणत नाही – भीती होती ती. मी बरोबरची खूण केली. वर म्हणालेसुद्धा, “शाबास, मामा.”

त्यानंतर त्यानं मशीन बंद करणं सोडलं. का करेल? ज्या वागण्याला शाबासकी मिळते तेच वाढतं – प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मीच लिहिलं होतं. आणि मी खुणा करत राहिले.

पट्ट्यानं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली. मुकादम तक्ता घेऊनच दवाखान्यात आला. “एक फुली न्हाई या माणसाची! आजच कशी घाई केलीस रं?”

मी खाटेच्या पायाशी उभी होते. एकच वाक्य बोलायचं होतं. मामानं माझ्याकडं बघितलं, मग छताकडं.

“हाव,” तो म्हणाला, “आजच चुकलं बघा.”

प्रकल्पाला कॉलेजात पहिला नंबर मिळाला. तक्ता मामीनं घरी भिंतीला लावलाय, कौतुकानं. मी गेले की मामा त्याच हातानं चहाचा कप पुढं करतो. मी तक्त्याकडं पाठ करून बसते. आम्ही दुसरंच काहीतरी बोलतो.

मामाच्या ओळीत चौदा खुणा आहेत. पहिल्या पाच त्याच्या. बाकीच्या माझ्या.