कोठीवरची प्रार्थना

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ते तर पाळक, सगळ्या मंडळीची गुपितं त्यांच्या पोटात. माझंच तेवढं राहिलं. परवा इथं अमरावतीत एक पोरगी म्हणाली, "बाई, तुमची प्रार्थना देव ऐकतेच." म्हणून आज बोलते.

तेव्हा आम्ही दर्यापूरकडच्या एका गावात होतो. मंडळी लहान, बहुतेक सगळे मजुरीवर जगणारे. तिथं बायकांची रीत होती — भाकरी थापण्याआधी रोज एक मूठ दाणे देवाच्या डब्यात टाकायचे, आणि रविवारी तो डबा चर्चला आणायचा. ते धान्य पाळकाच्या घरी यायचं. म्हणजे माझ्याच घरी. आणि मीच त्यांना शिकवायची — उद्याची चिंता करू नका, देव रोजचं रोज देतो. छान बोलायची हो मी! बोलायला काय लागतं?

मार्थाबाई त्यांच्यातलीच. नवरा गेलेला, जवळ सहा वर्षांची नात, आणि पोट निंदणावर. त्या श्रावणात झड लागली — आठ दिवस उघडीप नाही, शेतातली कामं बंद. रेशनला गेली तर मशीनवर अंगठाच उठेना. निंदून निंदून रेषा झिजलेल्या. एका दुपारी ती भिजत माझ्याकडे आली. मी स्वयंपाकघरात बुटक्या पत्र्याच्या कोठीवर बसले होते. वर गोधडी टाकली की ती कोठी आमची बसायची जागा. आत ज्वारी.

"मी काई मागाले नाई आली, बाई," ती खाली बसत म्हणाली. "दाने सरले. तुमी निस्ती प्रार्थना करा. देव देईन."

मागायला नाही आली — काय बरं वाटलं म्हणून सांगू मला ते ऐकून! उठायचं, झाकण उघडायचं, पायलीभर द्यायची — कितीसं काम? नाही उठले. का? मागच्या उन्हाळ्यात आमची कोठी रिकामी झाली होती. मूर्तिजापूरला भावाकडे जावं लागलं, आणि पोतं देताना वहिनीनं जे तोंड केलं, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हतं. पुन्हा तशी वेळ नको — एवढंच मनात होतं. ज्या देवाचं मी दुसऱ्यांना शिकवत होते, त्याच्यावर माझा पायलीभरही भरवसा नव्हता.

मी डोळे मिटले आणि प्रार्थना केली. कोठीवर बसूनच. लांबलचक केली — जरा जास्तच. ती रडली. मलाही रडू आलं, आणि ते खरं होतं. असं कसं होतं माणसाचं? तिनं आमेन म्हटलं, माझे हात डोळ्यांना लावले आणि गेली. मी चहासुद्धा विचारला नाही. चहासाठी उठावं लागलं असतं.

रविवारी चर्चमध्ये साक्षीच्या वेळी — देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायच्या वेळी — ती उभी राहिली. "दोन दिस पोरीले गुळाचं पानी देल्लं," म्हणाली. "मंग शेजारच्या सुभद्राबाईनं सूपभर ज्वारी आनली. मी सांगतलंबी नव्हतं तिले. पाळकीणबाईची प्रार्थना देवानं ऐकली."

दोन दिवस — आणि तिचं घर माझ्या घरापासून हाकेवर! सुभद्राबाई बौद्ध घरची. तिच्याकडे कुणी प्रार्थना मागायला गेलं नव्हतं. शेजारची चूल पेटलेली दिसली नाही, म्हणून ती सूप घेऊन गेली. मला तर तोंडानं सांगितलं होतं. सगळे "हालेलुया" म्हणाले, ह्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तेव्हाच उभं राहून बोलायला हवं होतं ना? मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र बाई. त्या दिवसापासून बायका माझ्याकडे प्रार्थनेला यायला लागल्या, त्या अजून येतात. मी करते. आणि दर वेळी मला माझी लाज वाटते.

एवढंच असतं तरी पुष्कळ होतं.

चर्च सुटल्यावर मार्थाबाईनं आपला डबा माझ्या हातात दिला. "आठ दिसाच्या मुठी राह्यल्या होत्या, बाई. आज टाकल्या." त्या सूपभर ज्वारीतूनच. नको म्हणावं, तर का नको ते सांगावं लागलं असतं. मी डबा घेतला. घरी येऊन कोठी उघडली, त्यात ओतला, झाकण लावलं, वर गोधडी घातली.

संध्याकाळी त्याच ज्वारीच्या भाकरी केल्या. ह्यांना वाढल्या, माझं ताट घेतलं. आणि खाण्याआधी, रोजच्यासारखे, देवाचे आभार मानले.