फुटलेली बांधी

एकोणीसशे ऐंशीच्या सुमाराला कारध्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी देखरेखीला होते. भंडाऱ्याहून एक निवृत्त व्यायामशिक्षक दर गुरुवारी दुपारी सायकलने यायचे आणि म्हाताऱ्यांना मन शांत करायला शिकवायचे. मला हे रिकामे उद्योग वाटत. पण नव्याने आलेली एक आजी झोपतच नव्हती. मुलाने चिखल्याच्या मँगनीज खाणीत नोकरी लागल्यावर शेत विकलं होतं, आणि त्याच्या एका खोलीत हिला जागा नव्हती. घास उतरत नव्हता, हातापायाच्या काड्या झाल्या होत्या. ही अशीच हातची जाणार या धास्तीने मीच तिला ओढत नेऊन सतरंजीवर बसवलं.

गुरुजी म्हणाले, "डोळे मिटा. तुम्ही पाण्याच्या काठी बसला आहात. पाणी हळूहळू वाहतंय."

आजी ताडकन उठली. "बांधी फुटली! धान वाहून जाऊन रायला अन् तुमी डोळे मिटून काय बसले?"

बांधी म्हणजे आमच्याकडचं बांध घातलेलं भाताचं शेत. त्यातलं पाणी वाहू लागलं की घरादाराचा जीव खालीवर होतो. मला आधी हसू आलं, मग गुरुजींचाच राग आला. वाहतं पाणी दाखवायला यांना हीच सापडली? मी तिच्याजवळ फतकल मारून फणकारले, "फुटली तर बुजव ना मग, आजी!"

तिने खरंच डोळे मिटले. सतरंजीवर हात चालू लागले. चिखल उचलायचा, लावायचा, थापायचा. श्वास आपोआप लांब झाला आणि थोड्या वेळाने ती तिथंच कलंडून घोरू लागली. चहाची वेळ झाली तरी मी कुणाला भांडं वाजवू दिलं नाही.

मग तो नेमच झाला. बांध बुजवायची आणि झोपायची. जेवू लागली. मुलगा भेटून गेला की मात्र बांध मोठा फुटायचा, मग मीही चिखल द्यायला बसायची.

एका दुपारी डोळे मिटल्यावरही तिचे हात मांडीवर स्वस्थ दिसले. मी घाबरले. "आजी, आज नाही फुटली?"

"फुटली ना. पण ज्यानं शेत घेतलं, तो बांधावर आला होता. त्याच्या हाती फावडं देलं. म्हटलं, इथूनच फुटते बाबा, ध्यान ठेवजो."

मला रडू आवरेना. तिने एक डोळा उघडला.

"तू काहून रडून रायली वो? ये, टेक घडीभर माह्याजवळ."