अठरा गिअर आणि एक मिशी

सोलापुरात डोंगर नाही. तरीही माझ्याकडे डोंगरात चालवायची सायकल आहे.

ती घेतली तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो. नोकरी नवी होती आणि पोट नव्हतं. आमच्या गल्लीत अठरा गिअरची सायकल आणणारा मी पहिला माणूस! (शेवटचाही मीच. बाकीच्यांनी सरळ मोटारसायकली घेतल्या.) तिच्यावरून सिद्धेश्वर तळ्याच्या बाजूनं चकरा मारताना मला वाटायचं, अख्खं सोलापूर माझ्याकडेच बघतंय. मग लग्न झालं. सुनंदानं घरात पाऊल टाकल्यावर सायकलकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "हिला मागं बसायला जागाच नाही?" त्याच आठवड्यात सायकल गच्चीवर गेली आणि चोवीस वर्षं ताडपत्रीखाली राहिली.

आता मला पन्नाशीला एक वर्ष कमी आहे. सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. डॉक्टर म्हणाले, "साखर काठावर आहे. एखादा छंद लावून घ्या." मी बासरी शिकायला लागलो, तर शेजारच्यांचं कुत्रं घर सोडून गेलं. गच्चीवर वांगी लावली. एक वांगं आलं, ते आईनं देवाला वाहिलं. (माझी आई अक्कलकोटकडची, आम्ही तिला अव्वा म्हणतो.) मग चित्रकलेचे रंग आणले, ते वाळून गेले. शेवटी सुनंदा म्हणाली, "अहो, एक तरी गोष्ट आजवर पूर्ण केलीत का हो?"

ते मला लागलं. कारण खरं होतं.

अशा दुखऱ्या मनःस्थितीत मी वैरागला गेलो, मेव्हण्याच्या नातवाच्या जावळाला. मेव्हणा म्हणजे सुनंदाचा भाऊ मल्लिनाथ. सगळे त्याला मल्लू म्हणतात. किराणा दुकान आणि मिशी, या दोन गोष्टींसाठी तो पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. मिशी अशी, की आधी ती दारातून आत येते आणि मागनं मल्लू. जेवताना मी सहज म्हणून गेलो, "मी माझी जुनी सायकल दुरुस्त करणार आहे. दसऱ्याला सीमोल्लंघन सायकलवरच. सोलापूर ते वैराग!"

पंगत हसली. मल्लूला तर घासच अडकला.

"दाजी, तुमी? सायकलवर? अवो, आमचा जिना चढताना तुमी मधल्या पायरीवर मुक्काम करता की!"

"पन्नास किलोमीटर म्हणजे काही फार नाही."

"तुमी सायकलवर वैरागला आलात ना, तर ही मिशी काढतो! सगळ्यांच्या देखत!"

अख्खी पंगत माझ्याकडे वळली. सुनंदानं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत 'हेही अर्धवटच राहणार' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी बुंदी ताटात ठेवली आणि म्हणालो, "वस्तऱ्याला धार लावून ठेव."

घरी आलो आणि सायकल उघडली. आता मी काही साधा माणूस नाही, लिपिक आहे. मी प्रत्येक भाग सुटा केला, त्याला फाईलीचा टॅग बांधला, टॅगवर अनुक्रमांक टाकला आणि नोंदवहीत नोंद केली. एकूण भाग एकशे त्रेचाळीस. शेवटचा रकाना शेऱ्याचा. 'क्र. ३७, वॉशर, लहान. शेरा: गंजलेला, पण होतकरू.' 'क्र. ६२, पेडल, डावे. शेरा: उजव्याशी पटत नाही.' आजवरच्या नोकरीत इतकी सुंदर नोंदवही मी कधीच लिहिली नव्हती. रोज कार्यालयातून आलो की गच्चीवर जाऊन मी ती नुसती वाचायचो.

आणि मग घटस्थापना जवळ आली.

घट बसायच्या आधी आमच्या घरात जे जे आहे ते ते धुतलं जातं. गोधड्या, पडदे, डबे, डब्यांची झाकणं, सगळं. मी झोपून राहिलो तर मलाही धुतील. एका संध्याकाळी मी गच्चीवर गेलो, तर माझे एकशे त्रेचाळीस भाग चिंच लावून घासून, लख्ख करून चादरीवर वाळत घातले होते. टॅग एकालाही नव्हता!

"अव्वा! टॅग कुठायत?"

"ती दोऱ्याची घाण व्हय? चुलीत घातली की."

"त्याच्यावर नंबर होते!"

"नंबराला काय चाटायचंय? बघ कसं चमकायलंय! अय्यो शिवा, किती वर्षाचं मळ ते! घट बसायच्या वक्ताला घरात असलं ठेवतेत का रे?"

मी मटकन खाली बसलो. (एका छर्ऱ्यावर. लगेच उठलो.) नोंदवहीत सदतीस नंबर होता, पण चादरीवर एकसारखे अकरा वॉशर होते आणि कुणीच गंजलेलं नव्हतं. सगळेच होतकरू!

त्या दिवशी मी सोडून देणार होतो. मनातल्या मनात मल्लूला फोनही करून झाला होता. पण सुनंदा वर आली, पदर खोचला, शिवणयंत्राच्या तेलाची बाटली घेऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "तीस वर्षं मशीन उघडून लावतीय मी. जो भाग जिथं झिजलाय, तो तिथलाच असतो. द्या इकडं."

पुढचे आठ दिवस आम्ही दोघं त्या चादरीवर होतो. ती चिमट्यानं एकेक छर्रा ग्रीसमध्ये बसवायची आणि मी मोजायचो. लग्नानंतर एवढं बोलणं आमच्यात पहिल्यांदाच होत होतं. खरं सांगतो, बासरीत आणि वांग्यात मिळून जे मिळालं नाही, ते त्या आठ दिवसांत मिळालं. सायकल उभी राहिली. चाकं फिरली. गिअरसुद्धा खटखट बदलले! फक्त तीन भाग उरले. ते घेऊन मी कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या सायकल मिस्त्रीकडे गेलो. त्यानं ते तळहातावर फिरवून बघितले आणि म्हणाला, "साब, जो बचा, वो लगताच नै था समझो."

मीही तसंच समजलो.

खंडेनवमीला फक्त एक काम राहिलं होतं. मागच्या ब्रेकचा बोल्ट आवळायचा. मी पाना घ्यायला गेलो, तर पाना देवघरात! घरातली विळी, कात्री, शिवणयंत्र आणि माझे सगळे पाने हळदकुंकू लावून, फुलं वाहून पाटावर बसलेले.

"अव्वा, एकच पाना दे. दोन मिनिटं."

"दसरा उलटल्याबगर पूजेतलं हत्यार उचलायचं न्हाय."

"अगं, ब्रेक आहे तो!"

"देवाला बसवलेलं उठवायचं? आणि वर पन्नास किलोमीटर जायचं?" अव्वा म्हणाली. "जे काय आवळायचंय ते हातानं आवळ."

मी हातानं आवळलं.

दसऱ्याच्या सकाळी सातला अख्खी गल्ली दारात. अव्वानं सायकलला ओवाळलं, हँडलला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि नव्या गाडीला ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवलं. मी टोपी घातली, सगळ्यांकडे बघून हात हलवला आणि पेडल मारलं. आता, मोटारीचं चाक लिंबू चिरडतं. सायकलचं चाक लिंबावर चढतं, तिथं क्षणभर विचार करतं आणि मग बाजूला घसरतं. सीमोल्लंघनाला निघालेला मी स्वतःच्या फाटकाच्या आतच आडवा झालो!

"दृष्ट लागली!" अव्वा ओरडली आणि तिनं उपाय म्हणून आणखी एक लांबलचक माळ हँडलपासून सीटवरून पार मागच्या चाकापर्यंत गुंडाळली. लिंबू मात्र शाबूत होतं. ते तिनं आपट्याच्या पानांसोबत माझ्या खिशात घातलं.

बार्शी रोडला लागलो आणि काय सांगू! वारा तोंडावर, गिअर खटखट, दोन्ही बाजूंना ज्वारीची राबलेली रानं. मी पुन्हा चोवीस वर्षांचा होतो. मला एकदम रडूच आलं. ते पुसायला एक हात सोडला, सायकल डगमगली, माळ खाली सरकली आणि मागच्या चाकात गेली. करकर आवाज झाला, रस्त्यावर झेंडूचा पाऊस पडला आणि गिअरचा मागचा सांगाडा वाकून बसला.

तेवढ्यात मागून एक म्हातारा आला. जुनी काळी सायकल, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या. त्यानं सायकल लावली, किटलीमागनं विळा काढला आणि माझ्या चाकातला दोरा कचाकच कापून काढला. (विळ्याला हळदकुंकू होतं. मी अव्वाला हे आजतागायत सांगितलेलं नाही.) सायकल चालायला लागली, पण सगळ्यात हलक्या गिअरवरच. पाय शिवणयंत्रासारखे भराभरा फिरायचे आणि वेग बैलगाडीचा. म्हातारा शेजारून आरामात येत होता.

"किती गेर हायत म्हनं हिला?"

"अठरा," मी धापा टाकत म्हणालो.

"मग टाका की एखादा दुसरा."

"एकच चालतोय."

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला. "एक तर माझ्या बी सायकलीत हाय की."

आणि दोन किटल्या दुधासकट तो पुढे निघून गेला.

दहाच्या सुमारास एसटी मागून आली. त्यात सुनंदा आणि अव्वा होत्या. अव्वानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "लिंबू खा रेऽऽ!"  सुनंदा मात्र गाडी वळेपर्यंत मागं वळून माझ्याकडेच बघत होती. आता मेलो तरी सायकलवरच मरायचं, असं मी ठरवलं. ऑक्टोबरचं ऊन, सोलापूरचं ऑक्टोबरचं ऊन! दोनदा झाडाखाली झोपलो. एकदा सायकलला शिव्या दिल्या, मग तिची माफी मागितली. पण चढावर उतरून ढकलली नाही. एकदाही नाही. हे वाक्य मी नोंदवहीच्या शेऱ्यात लाल शाईनं लिहून ठेवलंय.

दीड वाजता वैराग आलं. मल्लूच्या घराकडे जाणारा रस्ता उताराचा. लांबूनच मला दिसलं, मल्लू मिशीला पीळ देत दारात उभा आहे आणि सगळं घर बाहेर आलंय. मी ऐटीत मागचा ब्रेक दाबला. हातानं आवळलेला बोल्ट टुणकन उडाला. पुढचा दाबला. तेव्हा मला कळलं, की उरलेल्या तीन भागांतला एक लागत होता!

"बाजूला व्हाऽऽ!"

फाटकातून आत, रांगोळीवरून, हार घातलेल्या मल्लूच्या पिकअप गाडीला वळसा घालून मी थेट कडब्याच्या गंजीत घुसलो.  मग गंजीतून माझा हात बाहेर आला. हातात आपट्याची पानं होती.

"सोनं घ्या, सोन्यासारखं राहा!"

काय तो कल्ला! मल्लूनं मला ओढून काढलं, मिठी मारली, स्वतःच्या डोक्यावरचा फेटा माझ्या डोक्यावर ठेवला आणि गळ्यात झेंडूचा हार घातला. अव्वा शेजारच्या बायकांना सांगत सुटली, "माझं लेकरू! सोलापूरपासनं! सायकलवर!" सुनंदानं माझ्या केसातला कडबा काढला आणि हळूच म्हणाली, "केलंत हो पूर्ण." पुरणपोळीच्या आधीच माझं पोट भरलं.

"चल मल्लू," मी म्हणालो. "सलून!"

मल्लूचा चेहरा उतरला, पण तो शब्दाचा पक्का. सगळं घर मागं घेऊन गेलो तर सलूनवाल्यानं वस्तरे, कात्र्या सगळं पाटावर मांडून पूजा केलेली. म्हणाला, "दसरा उलटल्याबगर हात लावत नसतो." मी अव्वाकडे वळलो. ती म्हणाली, "बरोबर हाय त्येंचं."

म्हणून मिशीला एका रात्रीचं आयुष्य मिळालं, आणि त्या एका रात्रीनंच घात केला. सकाळी मी उठलो, म्हणजे उठायचा प्रयत्न केला. कमरेखालचा भाग कुणा दुसऱ्याचाच होता! सायकलवर परत जाणं सोडाच, मला चप्पल घालता येईना. तिकडं सलून उघडलं होतं. मल्लू आरशासमोर बसला होता, मिशीला साबण लागला होता, आणि अख्खी बाजारपेठ बघायला जमली होती. मी भिंतीला धरत धरत पोचलो आणि त्याच्या कानात म्हणालो, "मल्लू, तुझी पिकअप आज सोलापूरला जातीय ना?"

साबणातून एक डोळा उघडला. "जातीया की. सायकल मागं टाकू. तुमी पुढं बसा, सीटवर, आरामात." मग त्यानं साबणावरून मिशी चाचपली. "पण दाजी, मिशीचं तेवढं..."

मी टॉवेल घेतला आणि माझ्या हातानं त्याचा साबण पुसला.

अशा रीतीनं जिंकलेली मिशी देऊन मी सीट मिळवली. आणि त्या सीटवर बसलो मात्र, बोंब मारून उभा राहिलो. बसायचा भाग शिल्लकच नव्हता! शेवटी सुनंदा आणि अव्वा पुढं बसल्या आणि मी मागं हौद्यात, एका हातानं सायकल धरून, फेटा आणि हारासकट, सोलापूरपर्यंत उभा. रस्त्यावरच्या लोकांना वाटलं, निवडणुकीचा उमेदवार चाललाय. लोक हात जोडायला लागले. मीही मान लववत राहिलो. एवढा मान मला एकोणपन्नास वर्षांत कधी मिळाला नव्हता आणि खोटं कशाला बोलू, तो माझ्याच हक्काचा आहे असं मला वाटत होतं.

एका गतिरोधकावर गाडी हळू झाली. शेजारून दुधाच्या किटल्या आल्या. म्हाताऱ्यानं आधी सायकलकडे बघितलं, मग फेट्याकडे, मग माझ्याकडे.

"अवो, अठरा गेर!" तो ओरडला. "काल एक तरी चालत हुता की!"